आईला देण्याजोगे पुस्तक

गेल्या वैशाखात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. शाळा सोडून त्याला दहा-बारा वर्षे झाली. पुण्यात नोकरी करतो, आणि गेली चार वर्षे एका मित्राबरोबर बिऱ्हाड करून राहतो. ‘मित्र’ ह्या शब्दाचा खरा अर्थ त्याने त्या दिवशी मला प्रथमच उघड करून सांगितला. आईला तो आधीच सांगून झाला होता. आई रागावली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी पूजा केली आणि त्याला नेहमीसारखे जेवायला वाढले. मात्र त्या दिवसापासून सोबत्याचे नाव निघाले, की ती उठते आणि देवघरात जाऊन बसते.

“सर,” तो म्हणाला, “तिने देव सोडावा असे मला मुळीच वाटत नाही. मीही सोडलेला नाही. तिला वाचायला देता येईल, असे मराठीत काही आहे का?”

मी शाळेत मराठी शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा हा प्रश्न विचारायला तो योग्य माणसाकडे आला होता, असेच कोणीही म्हणेल. मी त्याला ‘शोधून कळवतो’ म्हणालो. तो गेल्यावर मी कपाटासमोर उभा राहिलो, आणि मला कळून चुकले, की ह्या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे आपल्या वाङ्मयाच्या एका सबंध दालनाची झडती घेणे आहे. पुढील मजकूर म्हणजे त्या झडतीचा वृत्तान्त आहे.

आरंभीच एका आक्षेपाचा निकाल लावून टाकतो. कलाकृतीला असा जाब विचारावा काय? एखादे नाटक एखाद्या आईला उपयोगी पडते की नाही, ही त्या नाटकाची कसोटी होऊ शकते काय? होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. औषधाच्या बाटलीला लावायची मोजपट्टी कादंबरीला लावू नये. पण माझा प्रश्न उपयोगाचा नाही. तो अनुभवाच्या सच्चेपणाचा आहे. आपल्या समाजातली बहुसंख्य माणसे कसल्या ना कसल्या श्रद्धेने जगतात. अशा घरात समलिंगी प्रेम प्रकट होते, तेव्हा त्या श्रद्धेवर काहीतरी घडते. ते जे घडते ते जर लेखनात उतरतच नसेल, तर त्या लेखनात अनुभवाचा एक मोठा भाग गळालेला आहे असे म्हणावे लागेल. आणि गळालेला अनुभव हा कलेच्या दृष्टीनेही दोषच होय.

कपाटातून पहिल्याने हाती आले ते विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’. हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्या काळी मराठी प्रेक्षकासमोर, एका स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा उभी करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करता करता मित्राला आपल्या मनाची ओळख पटते, आणि तिचे प्रेम नमावर जडते. ह्या प्रेमाचा साक्षी, मदतनीस आणि शेवटी त्याला पाठ दाखवणारा असा बापू हा ह्या नाटकाचा निवेदक आहे. नाटकाचे खरे मर्म मला त्याच्यातच दिसते. तेंडुलकरांनी कसोटी लावली आहे ती मित्राला नव्हे, बापूला. भला, सुशिक्षित, भिडस्त मध्यमवर्गीय माणूस दुसऱ्याच्या वेगळेपणाचे ओझे किती पावले वाहून नेतो आणि कोणत्या वळणावर ते खाली ठेवतो, ह्याचे इतके निर्दय चित्र आपल्या रंगभूमीवर क्वचितच आले असेल. मित्रा मरते आणि बापू उरतो. प्रेक्षक घरी जाताना बापूला आपल्या बरोबर घेऊन जातो.

परंतु बापू जे ओझे टाकतो, ते भीतीपोटी, श्रद्धेपोटी नव्हे. त्याला जगाचे, कुजबुजीचे भय आहे. आपण ज्याला पवित्र मानत आलो त्याच्याशी हे विसंगत आहे काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. नाटकाच्या गरजेत तो बसतही नाही. म्हणून हा तेंडुलकरांचा दोष म्हणता येणार नाही. पण माझ्या विद्यार्थ्याची आई भित्री नाही. तिला लोकांचे भय असते, तर ती शेजारणीच्या घरी जाऊन बसली असती आणि सारवासारव करत राहिली असती. ती देवघरात जाऊन बसते. तिला ‘मित्राची गोष्ट’ दिले, तर ती शेवट वाचून एवढेच म्हणेल, की ह्याचा शेवट असाच होतो, हे मला ठाऊकच होते.

दुसरे पुस्तक सचिन कुंडलकरांचे ‘कोबाल्ट ब्लू’. २००६ साली आलेली ही कादंबरी पुढे जेरी पिंटो ह्यांनी इंग्रजीत नेली, आणि २०२२ साली लेखकाने स्वतः तिच्यावर चित्रपट केला. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात भाड्याने राहायला आलेल्या तरुणावर त्या घरातला मुलगा आणि मुलगी अशा दोघांचेही प्रेम बसते. पहिला भाग तनयने त्या निघून गेलेल्या माणसाला उद्देशून केलेले बोलणे आहे. दुसरा भाग अनुजाची दैनंदिनी आहे. ह्या रचनेचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. मुलगी पळून गेली, म्हणून घरात गहजब होतो. तिच्या दुःखाला निदान नाव आहे, दोष का होईना पण दिला जातो. तनयच्या दुःखाला तेही नाही. तो त्याच घरात, त्याच ताटावर बसून जेवतो, आणि त्याचे काय गेले हे कोणालाच ठाऊक नसते. एकाच विरहाला मिळणाऱ्या दोन वागणुकी समोरासमोर ठेवून लेखकाने एक अक्षरही न बोलता आपला युक्तिवाद पुरा केला आहे.

तरीही, आईवडिलांना तनयचे दुःख कळतच नाही. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला त्या दुःखाला सामोरे जावे लागत नाही. कादंबरी ज्या मौनावर उभी आहे, ते मौन मोडले असते तर काय झाले असते, हा माझ्या विद्यार्थ्याच्या घरातला प्रश्न आहे. ‘कोबाल्ट ब्लू’ जेथे संपते, तेथे त्याची गोष्ट सुरू होते.

चेतन दातारांचे ‘एक माधवबाग’ ह्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. मुलगा समलिंगी आहे हे कळलेली आई तेथे बोलते, आणि आपण फक्त ऐकत राहतो. आईला मध्यभागी आणून बसवणे हीच मोठी कामगिरी होय. पण त्या बोलण्याचा कणा मला वात्सल्याचा वाटतो. माया भीतीवर मात करते आणि तिने मात करावी असेच आपल्याला वाटत राहते. आता, मायेने प्रश्न सुटतो हे खरे. पण तो ज्या बाजूने सुटतो, ती बाजू माझ्या विद्यार्थ्याच्या घरात कधी अडलेलीच नव्हती. त्याच्या आईची माया आटलेली नाही. तिने दुसऱ्या दिवशी त्याला वाढले होते. अडले आहे ते ज्या ठिकाणी माया पुरी पडत नाही तेथे. मुलगा आपला आहे हे तिला ठाऊक आहे. तिला कळत नाही ते हे, की देव त्याचा आहे की नाही.

तीन पुस्तके बाजूला ठेवल्यावर एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. मराठीत ह्या विषयाला सहानुभूती मिळाली ती बहुतेक देवघराच्या बाहेरून मिळाली. हा वारसा जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांना सरळ, तुच्छतारहित उत्तरे दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ साली अशा एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. हा आपल्या वैचारिक इतिहासातला अभिमानाचा प्रसंग होय. पण कर्वे निरीश्वरवादी होते. त्यांच्या बुद्धिवादात देवघराला जागाच नव्हती. मग तेथे बसलेल्या बाईशी बोलणार कोण?

पुढच्या लेखकांनी तोच पायंडा नकळत चालू ठेवला. आपल्या कथा-कादंबऱ्यांत श्रद्धावान माणूस येतो तो बहुधा अडसर म्हणून येतो. कोठे सोवळ्यातली सासू, कोठे जपमाळ ओढणारी आजी. विचार करण्याचे काम त्यांच्याकडे नसते. ते नायकाकडे असते. हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीतल्या आजीला मी पावणेतीनशे पानांत एकही विचार करू दिलेला नाही. तिच्या हातात माळ दिली आणि माझे काम भागले. मी स्वतः एकादशी धरणारा माणूस आहे. माझ्या मनात शंका येतात, वाद होतात, त्यातून काहीतरी ठरते. तरी लिहिताना मात्र श्रद्धा आणि विचार ह्यांची मी फारकत केली. ही सवय आमच्या पिढीला कोठून लागली, ह्याचा शोध घेताना मी फार मागे गेलो.

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली झाला होता. म्हणजे ज्यांना लग्नाचा दरवाजा धर्माच्या नावाने बंद आहे, त्यांचे काय, हा प्रश्न आपल्या कादंबरीच्या जन्माबरोबरच आलेला आहे. पदमनजींनी त्याचे जे उत्तर दिले, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. विधवा झालेली यमुना अखेर ख्रिस्ती होते आणि मग तिचा पुनर्विवाह होतो. लेखक स्वतः ख्रिस्ती झालेला होता, तेव्हा त्याच्या दृष्टीने हे उत्तर प्रामाणिकच होते. पण त्याचा मथितार्थ असा झाला, की लग्न हवे तर घरचा धर्म सोडा.

योगायोग असा, की सरकारचा कायदाही तेच म्हणत होता. १८७२ च्या विवाहकायद्याखाली लग्न करणाऱ्या वधूवरांना, आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणत्याही धर्माचे नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन ह्यांना आपापसांतील लग्नापुरती त्यातून सुटका मिळाली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती अट सर्वांसाठीच काढून टाकली. तेव्हापासून आपल्या देशात असा एक विवाह आहे, की जो धर्माची संमतीही मागत नाही आणि धर्माचा त्यागही मागत नाही. श्रद्धावान माणसाने निबंधकाच्या कचेरीत सही करावी आणि संध्याकाळी घरी येऊन देवापुढे दिवा लावावा. दोहोंत काही विरोध नाही. कायदा ह्या समजुतीपर्यंत येऊन पोचला. आमचे वाङ्मय मात्र अजून १८७२ सालीच उभे आहे. प्रेम हवे तर देवघर सोडा, असेच ते अजून सुचवत असते.

समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तो ह्याच १९५४ च्या कायद्याच्या आधाराने. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ३७७ व्या कलमाचा फास प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांवरून काढला होता. विवाहाच्या सुनावणीत आरंभीच ठरले, की निरनिराळ्या धर्मांच्या वैयक्तिक कायद्यांना हात लावायचा नाही. प्रश्न विशेष विवाह कायद्यापुरता ठेवायचा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, ह्यावर पाचांचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला राज्याने काही मान्यता द्यावी काय, ह्यावर मात्र तीन विरुद्ध दोन असा मतभेद झाला. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. प्रश्न संसदेकडे गेला, आणि तेथेच आहे.

ह्या निकालाच्या वेळी आपल्याकडे जी चर्चा झाली, तीत दोन दरवाजांची सतत गल्लत होत होती. एक दरवाजा कचेरीचा, दुसरा गाभाऱ्याचा. दवाखान्यात सोबत्याच्या बाजूने सही कोणी करायची, निवृत्तिवेतन कोणाला, घर कोणाच्या नावे, हे कचेरीचे प्रश्न आहेत. ‘माझ्या धर्मात हे बसत नाही’ असे ज्याला मनापासून वाटते, त्यानेही शेजाऱ्याच्या ह्या कागदाआड येऊ नये. कारण तो कागद त्याच्या धर्माने दिलेला नाही आणि त्याच्या धर्माकडे मागितलेलाही नाही. आपण पाळतो त्या एकादशीचा उपवास शेजाऱ्याला कायद्याने घडवावा, असे कोणी म्हणत नाही. उलट बाजूने, कोणत्याही पुरोहिताला, पाद्र्याला वा काझीला त्याच्या समजुतीविरुद्ध विधी लावायला भाग पाडू नये, हेही तितकेच न्याय्य आहे. एवढे दोन्हीकडून पाळले, तर श्रद्धा आणि हक्क ह्यांच्यातले निम्मे भांडण मिटेल. मला तर ते निम्म्याहून अधिक वाटते.

उरलेले निम्मे गाभाऱ्यातले आहे, आणि ते कायद्याने मिटणारे नाही. कचेरीत लग्न झाले, तरी घरी आल्यावर कुलदैवताला जायचे असते, गोंधळ घालायचा असतो. वास्तुशांतीला पाटावर जोडीने कोण बसणार? ‘तुमचा हक्क तुम्हाला, माझा देव मला’ असे म्हणून आईला येथे सुटता येत नाही. कारण मुलगा तिच्याच देवाशी येऊन उभा आहे. कादंबरीकाराचे क्षेत्र येथून सुरू होते. न्यायाधीश जेथे थांबले, तेथून त्याने पुढे जायचे असते.

जायला वाटच नाही, असे मात्र नाही. गणितज्ञ म्हणून जगाला ठाऊक असलेल्या शकुंतला देवी ह्यांनी १९७७ साली समलिंगी माणसांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यात श्रीरंगमच्या एका वैष्णव पुजाऱ्याशी त्यांनी केलेले संभाषण आहे. त्या वृद्ध पुजाऱ्याच्या उत्तराचा आशय असा, की ही माणसे पूर्वजन्मी स्त्रीपुरुष म्हणून एकमेकांची प्रेमिक असली पाहिजेत. देह बदलला, तरी आत्मा तोच असतो आणि त्याची ओढही तीच राहते. ह्या उत्तराशी सहमत व्हावे असा माझा आग्रह नाही. मला त्यातली विचाराची रीत महत्त्वाची वाटते. त्याने आपले शास्त्र टाकले नाही, किंवा समोरच्या माणसालाही टाकले नाही. आपल्याजवळ जे होते, त्यातच त्याने हात घालून पाहिला. असा पुजारी आपल्या देशात होऊन गेला. आपल्या कादंबरीत मात्र तो मला अद्याप भेटलेला नाही.

आपल्या घरच्या विधींतही असा हात घालता येण्याजोगे पुष्कळ आहे. पत्नी हयात नसेल, तर कमरेला सुपारी लावून यजमान विधीला बसतो. उत्तरकांडातला राम सीतेची सोन्याची प्रतिमा शेजारी ठेवून यज्ञ करतो. हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा तुळशीची लग्ने तोंडावर आलेली असतील. पोटी मुलगी नसलेली किती जोडपी त्या दिवशी कन्यादानाचे समाधान मिळवतात, हे आपण पाहतोच. ‘झाडाचे लग्न चालते, मग माणसाचे का नाही?’ असा स्वस्त कोटिक्रम मला येथे करायचा नाही. त्याने आई देवघरातून उठणार नाही, उलट दार लावून घेईल. मला इतकेच म्हणायचे आहे, की विधी अडला म्हणून माणसाला हाकलून देण्यापेक्षा माणसासाठी विधीत सोय काढणे, हे आपल्या परंपरेला परके नाही. ती सोय येथे निघेल की नाही, हे वाद घालून कळणार नाही. एखाद्या पात्राने रात्रभर जागून ते शोधले पाहिजे, आणि ते शोधताना आपण त्याच्या शेजारी बसलेले असलो पाहिजे. कादंबरी लिहिली जाते ती ह्यासाठीच.

आणि तिचे उत्तर ‘होय’ असेच आले पाहिजे, अशी सक्तीही मी करणार नाही. आई अखेरपर्यंत पाटावर त्या दोघांना बसवू शकली नाही, असे जरी झाले, तरी तिचे ते न जमणे तिच्या आतून दिसले पाहिजे. सुधारणेच्या बाजूचा लेखक श्रद्धावान माणसाला मूर्ख ठरवतो, तेव्हा तो त्याच्यावर अन्याय करतोच. पण त्याहून मोठा अन्याय तो त्या घरातल्या मुलावर करतो. कारण त्या मुलाला आयुष्यभर राहायचे असते ते ह्याच माणसांत.

विद्यार्थ्याला अखेर काय कळवले, ते सांगतो. मी त्याला धोंडो केशव कर्वे ह्यांचे ‘आत्मवृत्त’ दिले. त्यात समलिंगी प्रेमाचा एक शब्द नाही. १८९३ साली कर्व्यांनी एका विधवेशी विवाह केला. त्यांच्या गावाने, मुरुडने, बहिष्काराचा ठराव केला, आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या आईला आणि भावाला लागली. मुलाचे लग्न शास्त्राला धरून आहे असे मुलगा म्हणतो. नाही असे सारे गाव म्हणते. आणि आई मध्ये उभी. मला ह्याहून जवळचे दुसरे काही सापडले नाही. ह्याच कर्व्यांचा मुलगा पुढे ‘समाजस्वास्थ्य’चा संपादक झाला, हेही मी चिठ्ठीत लिहिले होते, पण ते आईसाठी नव्हते, विद्यार्थ्यासाठी होते.

श्रावणात त्याचा फोन आला. आईने पुस्तक वाचले होते. कर्व्यांच्या संस्थेविषयी, त्यांच्या जगप्रवासाविषयी ती काही बोलली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर देण्याजोगे पुस्तक मराठीत असावे, असे मला तेव्हापासून वाटत आहे. ती म्हणाली, “त्या माउलीचे पुढे काय झाले रे? तिने पुढे पूजा कशी केली असेल?”